तिसऱ्या ड्रमची जागा

मार्शफील्ड, विस्कॉन्सिन
९ ऑक्टोबर १९८८

प्रिय व्हर्ना आत्या,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण आमचा फोन स्वयंपाकघरात आहे आणि बाबा त्याच्या शेजारी बसून पेपर वाचतात, तोही पान न उलटता.

बातमी अशी की थँक्सगिव्हिंगच्या शनिवार-रविवारी मी 'केटल रिज'च्या ऑडिशनला जाणार आहे. तेच पथक, जे गेल्या जुलैत आपण दोघींनी पाहिलं. एकशे अठ्ठावीस पोरंपोरी, नुसते कर्णे, ड्रम आणि झेंडे, आणि सगळे चालताना जणू एकाच माणसाचे पाय. तू तेव्हा डोळे पुसत होतीस आणि डोळ्यात चिलट गेलं म्हणालीस. दोन्ही डोळ्यांत.

मार्चमध्ये मला एकवीस पूर्ण होतील. नियम तुला ठाऊक आहे: एकवीस पूर्ण झाल्यानंतरचा उन्हाळा शेवटचा, मग दार बंद. दोन वर्षं मी 'पुढच्या वर्षी जाईन' म्हणत घालवली. आता पुढचं वर्ष शिल्लक नाही.

मला स्नेअर हवाय. कडकडीत आवाजाच्या त्या छोट्या ड्रमवरच मी सातवीपासून हात घासलेत. जागा नऊ, येणार साठ-सत्तर. बाबांनी मात्र माझ्यासाठी मटाराच्या कारखान्यात उन्हाळ्याचं काम बघून ठेवलंय. ते म्हणतात, "दहा आठवडे बसमधून हिंडायचं, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं, उन्हात बारा-बारा तास तेच तेच बडवायचं. आणि हे सगळं काही गुन्हा न करता?" आई फक्त विचारते, "का पण, डार्सी?" त्याचं उत्तर मला नीट देता येत नाही.

घरात पथकात वाजवलेली तू एकटी. बाबा अजूनही पाहुण्यांना सांगतात, 'माझी बहीण राज्यात चौथी आली होती.' तेव्हा दोन कामं कर. एक, त्यांच्याशी बोल. दोन, ऑडिशनमध्ये काय करायचं ते सांग.

तुझी,
डार्सी

•

शेबॉयगन
१६ ऑक्टोबर

प्रिय डार्सी,

पत्र कचेरीच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. इथे मला निवांतपणा असतो. एकाच खिडकीवर मी कुत्र्यांचे आणि लग्नांचे परवाने देते. कुत्र्याच्या बाबतीत लोक चौकशी करून आलेले असतात: स्वभाव कसा, चावतो का, आधीच्या मालकानं का सोडलं. दुसऱ्या परवान्याला नुसते हसत येतात.

लाइलशी बोलेन. तुझा बाप वाईट माणूस नाही. त्याला फक्त पगार नसलेली मेहनत दिसली की खाज सुटते. आणि 'का' ह्याचं उत्तर शोधत बसू नकोस. ज्यांना सापडतं ते बुद्धिबळ खेळायला जातात.

आता ऑडिशन. आधी पाय. वाजवणं थांबलं तरी पाय थांबता कामा नयेत. हनुवटी वर. चुकलं की तोंड वाकडं करू नकोस. बाकीच्या साठ जणांना कळलं नसेल तर तुझं तोंड त्यांना कळवतं.

आणि आता खरं गुपित, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. सेंट ओडिलियाच्या मुलींच्या पथकात मी एकसष्ट साली स्नेअर वाजवायचे तेव्हा परीक्षक मैदानात उतरायचे. हातात पाटी घेऊन आमच्या पाठीमागे कान लावून चालायचे. ठोका हुकला की पाटीवर फुली, आणि प्रत्येक फुलीमागे गुणाचा दहावा हिस्सा गेला. त्या उन्हाळ्यात मला एकही फुली पडली नाही. कशी? जिथे खात्री नाही तिथे काठी खाली आणायची, पण कातड्याच्या केसभर वर थांबवायची. हात हलतो, बघणाऱ्याला वाटतं वाजतंय. न वाजलेल्या ठोक्याला फुली नसते. हे घटवून ठेव.

शेवटचं. स्नेअर सोडून काहीही घेऊ नकोस. 'बास ड्रम घेतेस का,' म्हणून गोड आवाजात विचारतील. बास ड्रम, म्हणजे तो पोटावरचा अवाढव्य ढोल, वाजवत नाहीत, वाहतात. डावा पाय, धम. उजवा पाय, धम. हे काम घोड्यालाही शिकवता येतं, आणि घोडा बिचारा नाही म्हणू शकत नाही. तू म्हणू शकतेस.

व्हर्ना आत्या

•

मार्शफील्ड
२८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पहिली फेरी पार पडली! डिसेंबरच्या शिबिराला पुन्हा बोलावलंय. चौसष्टातले अठरा उरलो.

सगळं एका शाळेच्या जिममध्ये. तीन रांगा, प्रत्येकाच्या पुढ्यात ड्रम. ड्रमचे मास्तर मिस्टर ऑर्टमन, बारीक, टक्कल, कधीच आवाज न चढवणारे. सुरुवात एवढीच: आठ ठोके उजव्या हाताने, आठ डाव्या हाताने. पुन्हा आठ. पुन्हा आठ. हे चाळीस मिनिटं, आत्या! कुठला अवघड तुकडा नाही, काही नाही. नुसते आठ, आठ, आठ, आणि पाय जागच्या जागी चालू. विसाव्या मिनिटाला माझं डावं मनगट मला शिव्या द्यायला लागलं. ऑर्टमन रांगेतून फिरत होते, एखाद्यासमोर उकिडवे बसून कान ड्रमशी नेत होते. मग खांद्यावर हलकीच थाप. थाप पडली की एक पाऊल मागे यायचं आणि काठ्या काखेत मारायच्या. ना कारण, ना सॉरी.

माझ्या शेजारी ओहायोचा ओरिन होता. त्याची ही तिसरी ऑडिशन. दबक्या आवाजात म्हणाला, "पहिल्या वर्षी काढलं तेव्हा रडलो. दुसऱ्या वर्षी जेवलो. ह्या वर्षी आधीच जेवून आलोय." मला हसू फुटलं आणि नेमके तेव्हाच ऑर्टमन समोर. मी हनुवटी वर ठेवली.

दुपारी नवीन तुकडे वाचून वाजवायला दिले. जिथे धाकधूक वाटली तिथे तुझी युक्ती. काठी केसभर वर. एकही चुकीचा ठोका गेला नाही, आत्या. एकही नाही! ऑर्टमन माझ्यासमोर बराच वेळ बसून होते. खूश झाले असणार.

एक गंमत राहिली. मापं घ्यायला एका बाईंच्या खोलीत पाठवलं. मिसेस इर्मा प्रिबिल, ठेंगण्या, तोंडात टाचण्या. पंचवीस वर्षं पथकाचे गणवेश शिवताहेत. माझं नाव ऐकलं आणि टाचण्या काढल्या.

"झॅस्ट्रो? शेबॉयगनची व्हर्ना झॅस्ट्रो तुझी कोण?"

"आत्या."

"तरीच हात एवढे लांब." मग टेप गळ्यात अडकवत म्हणाल्या, "तिला माझा नमस्कार सांग. आणि विचार, फ्रीपोर्टची बस वेळेवर आली होती का."

मी म्हटलं, कुठली बस? तर म्हणाल्या, "तिला कळेल. दंड वर कर."

तर विचारते आहे. आली होती का?

तुझी,
डार्सी

•

शेबॉयगन
४ डिसेंबर

प्रिय डार्सी,

अठरांत आलीस. शाबास. मी सांगितलेलं कामी आलं म्हणायचं.

लाइलला रविवारी फोन केला. तो म्हणाला, "तू राज्यात चौथी आलीस त्याचा पुढे काय उपयोग झाला?" मी म्हटलं, "निदान कुत्र्यांना माझा धाक आहे." त्यावर तो हसला, आणि तुझा बाप हसला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तुझी आई करेल.

थंडी फार आहे. मनगटं गरम ठेव.

इर्मा प्रिबिलला नेहमीच काही ना काही आठवत असतं. शिवणकाम करणाऱ्यांचं असं होतं, हात गुंतलेले आणि डोकं रिकामं. तिला नमस्कार.

स्नेअर, नाहीतर काही नाही. लक्षात आहे ना?

व्हर्ना आत्या

•

मार्शफील्ड
१९ डिसेंबर

आत्या,

स्नेअर गेला.

काल दुपारी ऑर्टमननी एकेकाला कोपऱ्यातल्या बाकावर बोलावलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझ्याही वाट्याचं आहे.

"झॅस्ट्रो, दोन शिबिरांत तू किती वेळा चुकलीस?"

"एकदाही नाही, सर."

"बरोबर. मी मोजलंय. आता सांग, किती वेळा वाजवलंच नाहीस?"

मी काठ्या मांडीवर ठेवल्या.

"अकरा. अकरा वेळा तुझी काठी हवेत राहिली. फार सफाईनं. हे शिकवलं कुणी?"

"आत्यानं."

"तिनं कुठल्या साली वाजवलं?"

"एकसष्ट."

ते हसले, पण वाईट नाही. म्हणाले, "तिच्या वेळी ते बरोबर होतं. त्या फुल्या मारणं बंद होऊन पाच वर्षं झाली. आता परीक्षक वर बसतो आणि काय ऐकू येतंय ते ऐकतो. चुकलेला ठोका मी महिन्याभरात सरळ करतो, बाई. न वाजलेला कुठून सरळ करू?"

आणि मग, तू म्हणाली होतीस तसंच, अगदी गोड आवाजात: "तिसरा बास ड्रम रिकामा आहे. घेतेस?" सहा जानेवारीपर्यंत फोन करून हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर ती जागा दुसऱ्याला.

मी नाहीच म्हणणार होते. तू सांगितलं होतंस ना. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, मटार वाट बघताहेत," आणि त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की मी जिन्यावर जाऊन बसले.

मी तुझ्यावर रागावलेय, आत्या. पाच वर्षांपूर्वी बदललेली गोष्ट तुला ठाऊक नव्हती ह्यासाठी नाही. पण पुढच्या उन्हाळ्यानंतर मला उन्हाळाच नाही, आणि तू मला न वाजवायला शिकवलंस.

मिसेस प्रिबिलना मी पुन्हा विचारलं, फ्रीपोर्टला काय झालं होतं. त्या म्हणाल्या, "ते व्हर्नानं सांगायचं. मी अठ्ठावीस वर्षं थांबणारेय, सत्तावीस झालीत."

मग सांग.

डार्सी

•

शेबॉयगन
२ जानेवारी १९८९

प्रिय डार्सी,

दोन आठवडे मी ह्या पत्राच्या केसभर वर काठी धरून बसले होते. आज कचेरीला सुट्टी आहे, न लिहायला दुसरी सबब सापडत नाही, म्हणून लिहिते.

मी राज्यात चौथी आले नाही. सेंट ओडिलिया आलं. मी नव्हते.

जुलै एकसष्टमध्ये आमची बास ड्रमवाली ल्युएला गालगुंड होऊन घरी गेली. शेवटच्या स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. आमचं पथक फ्रीपोर्टला, इलिनॉयमध्ये मुक्कामाला होतं. पथकाच्या बाईंनी सकाळी सगळ्या मुलींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हर्ना, तू सगळ्यांत उंच. ड्रम तू उचल." एवढंच. माझं स्नेअरवर काय नाव आहे, मला एकही फुली नाही, ह्याचा कुणी विचारच केला नाही. उंच आहेस, उचल. मी म्हटलं, हातपाय धुऊन येते. पिशवी घेतली, बस थांब्यावर गेले आणि दुपारच्या बसने घरी आले. आईला सांगितलं, आमच्या पथकाला तीन आठवडे सुट्टी आहे. आईला सुट्टी ह्या शब्दाबद्दल संशय होता, पण ओट कापणीला आले होते. दोन हात वाढले म्हणून तिनं काही विचारलं नाही.

मग शेवटच्या स्पर्धेचा दिवस आला. घरचे वाट बघत होते की मी जाणार. तेव्हा मी गेले. गणवेश घातला, पांढरे बूट घातले, आणि पथकातल्या कुणी ओळखू नये म्हणून वरून ओव्हरकोट घातला. ऑगस्ट महिना. मिलवॉकीच्या स्टेडियममध्ये सगळ्यांत वरच्या ओळीत बसले, आणि माझ्या शेजारच्या बाईनं मला दोनदा विचारलं की तुला ताप आहे का.

तिथून मी पाहिलं. आमच्या स्नेअरच्या दोन रांगा, तीन-तीन. मागच्या रांगेत मधली जागा रिकामी. तीन आठवड्यांत सगळी आखणी बदलणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. दोन्ही बाजूच्या पोरी त्या रिकाम्या जागेला धरून वळत होत्या, तिच्याशी अंतर राखून चालत होत्या. मी तिथे असताना त्यांनी माझी एवढी काळजी कधी घेतली नव्हती. आणि बास ड्रम चालत होता. नुसता ड्रम. वर टोपीचं पीस आणि खाली दोन आखूड पाय. ती इर्मा होती. तोवर झांजा वाजवायची, माझ्या खांद्याला लागायची. सगळ्यांत उंच मुलगी पळाली म्हणून सगळ्यांत बुटकीनं तो उचलला होता.

त्या चौथ्या आल्या. माझ्या वाट्याचं पदक इर्मानं पोस्टानं पाठवलं, चिठ्ठी न लिहिता. तेच तुझ्या बापानं पाहुण्यांना दाखवलेलं पदक. मी तिला उत्तर लिहिलं नाही. आधी काय लिहावं कळेना, मग फार उशीर झाला होता, आणि मग फार उशीर झालाय ह्याची सवय झाली.

मला फुली नव्हती हे खरं. फ्रीपोर्टचीही फुली कुणाच्या पाटीवर नाही.

आता तू ड्रम घे म्हणणार नाही, घेऊ नकोस म्हणणार नाही. माझ्या सल्ल्यानं तुझं जेवढं व्हायचं तेवढं झालंय. फक्त बास ड्रमबद्दल मी जे लिहिलं ते मी ऐकलेलं होतं, वाजवलेलं नाही. एवढं ध्यानात ठेव.

व्हर्ना आत्या

•

मार्शफील्ड
७ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र पाच तारखेला आलं. मी तीन तारखेलाच ऑर्टमनना फोन केला होता. हो म्हटलं. फोन स्वयंपाकघरातून केला. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नव्हती. त्या बाकावरून उठल्यावर ऑर्टमन म्हणाले, "निघण्याआधी अर्धा तास अडकवून तर बघ." मी रागारागातच अडकवला. आता पाच बास ड्रम असतात, आत्या. पाच आकारांचे, पाच आवाजांचे, ओळीनं पाच जण. घोड्याचं काम राहिलेलं नाही. ठोक्यांची एखादी सर वरून खाली येते ती पाच जणांत वाटलेली असते, चेंडू जिन्यावरून घरंगळत यावा तशी. पहिल्यानं एक ठोका, दुसऱ्यानं एक, तिसऱ्यानं एक. एवढ्या वेगानं की ऐकणाऱ्याला एकच माणूस वाजवतोय असं वाटतं. त्यातला तिसरा माझा. तो दुसरं कुणीच वाजवत नाही.

दुसरा बास ओरिनला मिळालाय. तोही स्नेअरमधून गळला. जेवून आला होता म्हणून फारसं लागलं नाही म्हणतो.

पहिल्या खेपेला सवयीनं माझी काठी हवेत राहिली. चौघांनी एकदम वळून पाहिलं. ओरिन म्हणाला, "बाई, आमच्या जिन्याची एक पायरी कुणी नेली?" लपायला जागाच नव्हती. दुसऱ्या खेपेला वाजवला, तो आधीच पडला. सगळ्या जिममध्ये ऐकू गेला. माझे कान तापले. ओरिन म्हणाला, "आहे, पायरी आहे. वाकडी आहे, पण आहे. चला."

आणि ते चौघे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. माझी ओळखदेख नाही अशी चार माणसं काठ्या उचलून माझ्या एका ठोक्यासाठी थांबलेली. आईला मी तेच सांगितलं. मटाराच्या कारखान्यात माझ्यासाठी कुणी थांबत नाही. मटार तर नाहीच. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" आधी मलाच कुठे ठाऊक होतं?

राग अजून थोडा शिल्लक आहे, खोटं कशाला बोलू. पण ऑगस्टातल्या ओव्हरकोटावर मी एवढी हसले की आई बघायला वर आली, आणि वाचता वाचता त्या रिकाम्या जागेपाशी पोचून माझं हसू थांबलं तेव्हा आई अजून दारातच उभी होती.

बाबांना काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं.

तुझी,
डार्सी

•

एका शाळेची जिम, ओहायो
९ जुलै

प्रिय आत्या,

पत्राला तेलाचा डाग पडलाय तो शेंगदाण्याच्या लोण्याचा आहे. सध्या माझ्या सगळ्या वस्तूंना तो आहे.

आज तेविसावी शाळा. फरशीवर झोपून झोपून मला आता लाकडी आणि सिमेंटची जिम डोळे मिटून ओळखता येते. आंघोळीचं पाणी कुठे उकळतं, कुठे बर्फ. ड्रमचा पट्टा खांद्यावर रुतायचा, तर मिसेस प्रिबिलनी आतून गादी शिवून दिली. शिवताना म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी शिवली असती तर बरं झालं असतं." मी पट्टा खांद्यावर चढवून पाहिला. त्यांना कळलं की मला कळलंय.

परवाच्या स्पर्धेत मी एक पराक्रम केला. शेवटाआधी सगळं पथक एक क्षण गप्प होतं. पूर्ण गप्प, एकशे अठ्ठावीस जण. त्या शांततेत मी माझा तिसरा ठोका मन लावून हाणला, एक मात्रा आधी. समोरच्या ओळीत एक बाई दचकल्या. परीक्षक टेपवर बोलत असतात, ती टेप नंतर आम्हाला ऐकवतात. त्यावर त्यांचा आवाज: "अं... तिसरा बास! नमस्कार, नमस्कार." बसमध्ये सगळे आता मला तसंच हाक मारतात. ऑर्टमन म्हणाले, "झॅस्ट्रो, ऐकू आलं." मी म्हटलं, "सॉरी, सर." ते म्हणाले, "सॉरी कशाला? आता ते मला सरळ करता येईल." काल दिवसभर सरळ केलं. संध्याकाळी हात उचलत नव्हता.

निरोप आहे. स्वयंपाकाच्या गाडीतल्या एका काकूंची पाठ धरली आणि त्या घरी गेल्या. आता मिसेस प्रिबिल शिवण सोडून बटाटे सोलताहेत, आणि वरच्या फळीवरचे डबे कुणाच्याच हाताला लागत नाहीत. त्या म्हणाल्या, जसंच्या तसं लिही:

"व्हर्नाला सांग, एक उंच बाई हवी आहे. उचलायचं काम आहे. बावीस तारखेला आम्ही फ्रीपोर्टला आहोत. बस तिला ठाऊक आहे."

त्या हसत नव्हत्या, आत्या. मी नीट पाहिलं.

तुझी,
तिसरा बास

•

फ्रीपोर्ट, इलिनॉय
२२ जुलै, दुपारी तीन

प्रिय डार्सी,

हे पत्र इर्माच्या हाती पाठवतेय. तू दोनशे पावलांवर मैदानात आहेस, पण सराव चालू असताना मैदानाची रेघ ओलांडायची नाही एवढं मला अजून आठवतं. शिवाय मला रजा बटाट्यांची आहे, भेटीगाठींची नाही. कचेरीतून तीन आठवडे घेतले. साहेब म्हणाले, "एवढे कशाला?" मी म्हटलं, तेवढेच राहिले होते.

काल लाइलला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "व्हर्ना, भर ऑगस्टात कोट घालून बाहेर पडणारं माणूस एक तर चोर असतं, नाहीतर तू. मी कुंपणापाशी उभा होतो तेव्हाच कळलं." मी विचारलं, मग पाहुण्यांना पदक का दाखवत होतास? म्हणाला, "तू कधीतरी थांबवशील म्हणून." अठ्ठावीस वर्षं, डार्सी. तुझ्या बापाला मी सरळ माणूस समजत होते. शेवटच्या स्पर्धेला तो आणि तुझी आई दोघं येणार आहेत. कोट न घालता, असं त्यानं मुद्दाम सांगितलं.

बस बारा दहाला पोचली. थांबा तोच आहे, बाकडं नवीन. इर्मा गाडीच्या पायरीवर पातेलं मांडीत घेऊन बसली होती. अजूनही माझ्या खांद्यालाच लागते. मी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या प्रवासात पाठ केलेलं भाषण विसरले. म्हटलं, "बस वेळेवर आली नव्हती. अकरा मिनिटं उशीर झाला होता. त्या अकरा मिनिटांत मला परत येता आलं असतं."

तिनं हातातला बटाटा सोलून संपवला. मग म्हणाली, "ड्रम माझ्या हनुवटीला लागायचा. तीन आठवडे मला खाली बघताच आलं नाही."

"माहीत आहे. मी पाहिलं."

"कुठून?"

"वरून. कोट घालून."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग ती अशी हसली की पातेलं कलंडलं आणि अर्धे बटाटे गाडीखाली गेले. ते मीच काढले. वाकायला उंच बाई काही कामाची नसते, हे तिच्या आता लक्षात आलंय. वरच्या फळीवरचे बावीस डबे काढून दिले, ते मात्र तिनं मुकाट्यानं मोजून घेतले.

मग आम्ही दोघी सोलायला बसलो. एकशे अठ्ठावीस जणांचे बटाटे असतात.

तुमचा जिना इथे स्वच्छ ऐकू येतो. एक, दोन, तीन, चार, पाच. मी सोलता सोलता मोजत होते. जुनी खोड, जात नाही. तासाभरात तू तीनदा चुकलीस. एकदा घाईनं, दोनदा उशिरा.

तिन्ही ऐकू आले.

व्हर्ना आत्या